तिसऱ्या रकान्यातली माणसे

वाशीमचे नाव काढले की पुण्या-मुंबईच्या वाचकाला फारसे काही आठवत नाही. ज्यांची सासुरवाडी वऱ्हाडात आहे त्यांना बालाजीचे देऊळ आठवेल, दत्तसंप्रदायी मंडळींना त्याच जिल्ह्यातले कारंजा आठवेल आणि बंजारा बांधवांना पोहरादेवी. एरवी अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरचे एक स्टेशन, एवढीच या गावाची ओळख. परंतु दीड हजार वर्षांपूर्वी हेच गाव वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. अजिंठ्याची कितीतरी लेणी ज्याच्या अमदानीत सजली तो हरिषेण राजा याच घराण्यातला. काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्न लागले ते या वत्सगुल्मातच, असे राजशेखराने लिहून ठेवले आहे.

या गावाचा उल्लेख आणखी एका ग्रंथात आहे. तो आपल्या घरात असलाच तर कपाटाच्या मागच्या रांगेत, वर्तमानपत्राचे कव्हर घालून ठेवलेला असतो. तो म्हणजे वात्स्यायनाचे कामसूत्र. देशोदेशींच्या चालीरीती सांगताना वात्स्यायन वत्सगुल्माचे नाव घेतो. आणि त्याच ग्रंथात, स्त्री आणि पुरुष यांच्याबरोबर, ‘तृतीया प्रकृती’चाही विचार करतो. स्त्रीच्या रूपाने राहणारी आणि पुरुषाच्या रूपाने राहणारी असे तिचे दोन प्रकार तो सांगतो. त्यांची वागण्याबोलण्याची रीत आणि पोट भरण्याचे साधन सांगतो. आणि शिंप्या-माळ्याविषयी लिहावे तितक्याच निर्विकारपणे पुढच्या विषयाकडे वळतो.

‘हे सगळे परदेशी खूळ आहे’ असे आपल्या दिवाणखान्यांत हल्ली वारंवार ऐकू येते, म्हणून ही जुनी आठवण काढली. बाकी कोणी काही म्हणो, वाशीमकराला तरी असे म्हणण्याची सोय नाही!

शब्दांचा घोळ

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा घोळ थोडा निस्तरला पाहिजे. ‘हिजडा’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. वस्तुतः तो एका संघटित समाजाचा शब्द आहे. त्याला गुरू आहेत, चेले आहेत, घराणी आहेत, जमातीची पंचायत आहे. मुलगा म्हणून जन्मलेली, पण आपण मुलगी आहोत हे मनोमन ओळखलेली बरीच माणसे त्या समाजात आश्रयाला जातात. सगळी जात नाहीत. मुलगी म्हणून जन्मलेला आणि स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा माणूसही असतो. त्याला तर आपल्या भाषेत धड नावसुद्धा नव्हते, म्हणून तो कोणाला दिसलाच नाही. जन्मतःच शरीराची ठेवण स्त्री किंवा पुरुष अशी स्पष्ट नसलेली मुले असतात. त्यांची गोष्ट निराळी. दक्षिण महाराष्ट्रात यल्लम्माला वाहिलेले जोगते असतात. त्यांची परंपरा आणखी निराळी. ‘तृतीयपंथी’ या एका शब्दाखाली आपण ही सारी माणसे एकत्र बसवितो.

आणि हा आजार आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेने रोगांची जी अकरावी सूची २०१९ साली स्वीकारली, तिच्यात ही गोष्ट मनोविकारांच्या प्रकरणातून काढून टाकली. २०२२ साली आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळविले की, अशा माणसाला ‘बरे करण्याचा’ उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन समजावे. तेव्हा ‘एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा’ हा आपला आवडता सल्ला आता डॉक्टरांनाच अडचणीत आणणारा आहे.

सनदेची वही आणि पोलिसांची वही

आपल्याकडे मराठी राज्यात या लोकांना ठरावीक मुलखात मागण्याचा वंशपरंपरागत हक्क असे. काहींना इनाम जमिनीही होत्या. वंशपरंपरा म्हणजे गुरूकडून चेल्याकडे. वतनदार पाटील-कुलकर्ण्यांची जशी सरकारदरबारी नोंद असे, तशी यांचीही असे. मान फार मोठा होता असे नव्हे, पण वहीत नाव हक्काच्या बाजूला लिहिलेले होते.

इंग्रज आले आणि वही बदलली. इनामांची चौकशी करण्यासाठी १८५२ साली जो कायदा झाला, त्याच्या नियमांत सार्वजनिक सभ्यतेला बाध आणणारे वतन पुढे चालवू नये अशी तरतूद होती. सभ्यता कोणाची, हे अर्थात साहेब ठरविणार. मग १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्या कायद्याचे नाव वाशीम जिल्ह्यात नव्याने सांगायला नको. पोहरादेवीच्या यात्रेला जो बंजारा समाज लोटतो, त्याचे नाव आजही राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. आणि ‘विमुक्त’ म्हणजे त्या कायद्याच्या जाचातून सुटलेले. परंतु त्या कायद्याला दुसरा भाग होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब यांसाठी केलेल्या त्या भागात हिजड्यांची पोलीसनोंद ठेवण्याचा हुकूम होता. नोंद झालेल्या माणसाने रस्त्यात बायकी वेष केला किंवा नाचगाणे केले तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्याला मृत्युपत्र करता येणार नाही, बक्षीसपत्र करता येणार नाही, मूल दत्तक घेता येणार नाही, अज्ञानाचे पालकत्व करता येणार नाही. जिवंत माणसाला नात्यागोत्याच्या व्यवहारातून पुसून टाकण्याची ही कायदेशीर रीत होती.

हे उत्तरेकडचे लोण आपल्या शिवेपर्यंत आले ते निजामाच्या राज्यातून. वाशीम आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांच्या मधून पैनगंगा वाहते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि नदीपलीकडचा मुलूख निजामाकडे राहिला. म्हणजे लग्ने अल्याड-पल्याड, बाजार अल्याड-पल्याड, पण अंमल दोन. १९१९ साली, म्हणजे फसली १३२९ मध्ये, हैदराबाद संस्थानाने असाच कायदा केला. हैदराबाद शहरात आणि सरकार फर्मावील त्या इतर ठिकाणी संशयित हिजड्यांची नावे, पत्ते आणि मालमत्ता यांची वही ठेवायची. नोंदलेला माणूस बायकी कपड्यांत वा दागिन्यांत रस्त्यावर दिसला, किंवा त्याने चारचौघांत नाच केला, तर वॉरंटाशिवाय पकडायचे.

योगायोग असा की, त्याच १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. बालगंधर्वांची सिंधू पाहून अवघा महाराष्ट्र रडला. त्यांच्या लुगड्याची, दागिन्यांची, केसांची नक्कल आपल्या आज्या-पणज्यांनी केली. बालगंधर्व भूमिका करीत होते. भूमिका वेगळी आणि जगणे वेगळे, हे मला समजते. मी तुलना करतो आहे ती पाहणाऱ्यांच्या डोळ्यांची. रंगमंचावरचा शालू तिकीट काढून पाहायचा आणि रस्त्यावरचे लुगडे दिसले की शिपाई बोलवायचा, अशी ही आपली दोन डोळ्यांची दोन दृष्टी होती.

हा निजामी कायदा तेलंगणाच्या कायदेपुस्तकात किती काळ राहिला असेल? तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला जुलै २०२३ मध्ये! १०४ वर्षे झाली होती. निजाम गेला, संस्थान गेले, आणि वही मात्र कपाटात तशीच होती.

नवी वही

दरम्यान दिल्लीत फार मोठी गोष्ट घडली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री यांनी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या अर्जावर निकाल दिला. त्या दाव्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही आपले म्हणणे मांडले होते. आपण स्त्री, पुरुष की तिसरे, हे सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे; त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदेशीर आहे; समता, अभिव्यक्ती आणि सन्मानाने जगणे यांविषयीची घटनेची कलमे या माणसांनाही लागू आहेत, असे न्यायालयाने सांगितले. त्यांना मागासवर्ग मानून शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा द्याव्यात, असेही सांगितले.

मग २०१९ साली संसदेने कायदा केला आणि १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. जिल्हाधिकाऱ्याच्या सहीने ओळखीचे प्रमाणपत्र मिळू लागले. ज्या कचेरीच्या आवारात पूर्वी संशयितांची वही असे, त्याच प्रकारच्या कचेरीतून आता हक्काचा कागद निघू लागला, हा बदल लहान नव्हे. या कायद्यावर टीकाही पुष्कळ झाली. तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारासाठी त्यात सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. स्त्रीवरील बलात्काराला त्या वेळी किमान दहा वर्षांची शिक्षा होती. वेदना सारखी आणि शिक्षेची मापे दोन, हे त्या लोकांना झोंबले यात नवल नाही.

हक्क कागदावरून गावात कसा उतरतो, याची उदाहरणे आपल्या राज्यातच आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ साली ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट मतदानाने सरपंच निवडले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक येथे स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवर एका तृतीयपंथी उमेदवाराने अर्ज भरला. तो अधिकाऱ्याने फेटाळला. प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे गेले, आणि २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी स्त्री म्हणून निवडणूक लढविण्याचा तिचा अधिकार मान्य केला. ती निवडूनही आली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य सरकारला खडसावले, तेव्हा पोलीसभरतीच्या अर्जात तिसऱ्या पर्यायाची वाट मोकळी झाली.

जळगावच्या त्या दाव्यातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. उमेदवाराचे नाव न्यायालयाच्या कागदावर ‘अंजली गुरु संजना जान’ असे आहे. आपण जिथे वडिलांचे नाव लिहितो, तिथे गुरूचे नाव! आता प्रश्न असा की, ती वडिलांची जागा रिकामी का होते?

पैनगंगा ओलांडताना

या प्रश्नाचे उत्तर मला कायद्याच्या पुस्तकात मिळाले नाही. ते मिळाले हिंगोलीहून वाशीमला येणाऱ्या गाडीत. डब्यात टाळी वाजली, आणि लोकांनी नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर काहीतरी पाहण्यासारखे आहे असे ठरविले. पुढे डबा रिकामा झाला तेव्हा ती समोरच्या बाकावर टेकली. चाळिशीच्या आसपासची, नीट चापूनचोपून नेसलेली. तिचे गाव रिसोड तालुक्यातले निघाले. मी विचारले, “ताई, ते सरकारी ओळखपत्र काढले का तुम्ही?”

“काढाले गेली होती ना भाऊ,” ती म्हणाली. “ते म्हने, जुना काही कागद आना. शाळेचा दाखला बापाच्या पेटीत. पेटीची किल्ली बापाच्या करदोड्याले. अन् राशनकार्डातून माहं नाव तं कवाचंच कमी केलं.”

“मग आईला सांगून...”

“माय फोन करते. बाप वावरात गेला का करते.” थोडा वेळ ती खाली पुलाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “बहिनीच्या लग्नाले साठ हजार धाडले मी. पैसे पोचले म्हून सांगतलं त्याइनं. पत्रिका काही आली नाही.”

तिने हे तक्रार म्हणून सांगितले नाही. पाऊस यंदा उशिरा आला, अशा सुरात सांगितले. वाशीम आले, ती उतरली, आणि माझ्या डोक्यात मात्र ती पेटी राहिली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, संसदेचा कायदा, जिल्हाधिकाऱ्याची सही, हे सारे त्या पत्र्याच्या पेटीपाशी येऊन थांबले होते. नवी ओळख द्यायला सरकार तयार आहे; पण जुनी ओळख घराच्या कुलपात आहे.

पाटणी चौकातल्या एका वृद्ध कापडव्यापाऱ्याशी मी या गोष्टीवर बोललो. दिवाळी मागायला ही मंडळी दरवर्षी त्याच्या दुकानी येतात आणि तो कधी ना म्हणत नाही. “त्याइच्या हाताले बरकत असते भाऊ,” तो मनापासून म्हणाला. मी विचारले, “आणि आपल्याच घरात तसे मूल निघाले तर?” तो हसला नाही, रागावलाही नाही. मापाची पट्टी गादीवर ठेवून म्हणाला, “घरात पोट्टं तसं निंगालं तं कोन ठेवते बाप्पा? बाकीच्याइचे लग्नं व्हाचे असतात.”

या एका वाक्यात आपल्या समाजाचे सारे हिशेब आले. नव्या बाळाला आशीर्वाद द्यायला, नव्या दुकानाच्या उंबरठ्यावर टाळी वाजवायला ती हवी. फक्त ती आपल्या घरात जन्मलेली नको. खेड्यातला व्यापारी हे बोलून दाखवितो. शहरातले आपण सुशिक्षित लोक बोलत नाही. आपण त्या मुलाला वसतिगृहात ठेवतो, मामाच्या गावी पाठवितो, किंवा सर्वांत भयंकर म्हणजे ‘लग्न झाले की ताळ्यावर येईल’ म्हणून त्याला बोहल्यावर चढवितो. मग एका आयुष्याऐवजी दोन आयुष्ये नासतात, आणि त्यातले दुसरे कोणाच्या तरी निरपराध लेकीचे असते.

बारावे कलम

२०१९ च्या त्या कायद्यावर एवढी चर्चा झाली, पण त्यातले बारावे कलम फार थोड्या घरांनी वाचले असेल. ते कलम सरकारला उद्देशून नव्हते. ते तुम्हाआम्हाला उद्देशून होते. मूल तृतीयपंथी आहे एवढ्याच कारणाने त्याला आईबापांपासून तोडता येणार नाही. न्यायालयाने मुलाच्या हितासाठी हुकूम दिला तर गोष्ट वेगळी. ज्या घरात आईबाप किंवा जवळचे कुटुंब राहते, त्या घरात राहण्याचा, घरातल्या सोयी भेदभावावाचून वापरण्याचा त्याला हक्क आहे, असे ते कलम सांगत होते. अशा व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे हा त्याच कायद्याने गुन्हा ठरविला. म्हणजे ज्याला आपण ‘आमच्या घरातला प्रश्न’ म्हणत होतो, तो संसदेने देशाचा प्रश्न केला.

तरीही कलमाने दार उघडत नाही, हे कोणताही वकील सांगेल. चौदा-पंधरा वर्षांचे पोर बापावर फिर्याद करायला जात नाही. ते रात्रीच्या गाडीत बसते. पुढे त्याला गुरू भेटतो. गुरूच्या घरी भाकरी मिळते, नाव मिळते, आजारपणात उशाशी बसणारे माणूस मिळते. त्याबरोबर तिथली कर्जे, तिथले दंड आणि तिथला धाकही मिळतो. शाळा मात्र सुटते ती सुटतेच. मग वीस वर्षांनी आपण विचारतो, ‘हे लोक काम का करीत नाहीत?’ ज्याची शाळा आपण सोडविली त्यालाच आपण हा प्रश्न विचारतो!

२०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ असा तिसरा रकाना प्रथमच ठेवला गेला. त्यात साऱ्या देशात ४,८७,८०३ माणसे नोंदली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. पण माझे लक्ष गेले ते आणखी एका आकड्याकडे. त्या जवळजवळ पाच लाखांत ५४,८५४ मुले शून्य ते सहा वर्षे वयाची होती. ही नोंद कोणी दिली असेल? ती मुले काही बोलत नव्हती. दाराशी आलेल्या शिक्षकाला ती त्यांच्या घरच्यांनीच सांगितली असणार. म्हणजे सहा वर्षांपर्यंत ती मुले घरात होती, कोणाच्या तरी मांडीवर होती, आणि घरच्यांनी त्यांना लपविले नव्हते. आज ती मुले पंधरा ते एकवीस वर्षांची झाली आहेत. त्यांतली किती अजून त्याच घरात जेवतात?

आईबापांना कोणी फार मोठे धैर्य दाखवायला सांगत नाही. मोर्चा काढायचा नाही, भाषण करायचे नाही. मूल जे सांगते ते एकदा हात न उगारता ऐकून घ्यावे. शाळा सुटू देऊ नये. दहावी-बारावीची गुणपत्रिका हा त्याचा खरा आहेर. दाखला, जन्मनोंद, शिधापत्रिकेतले नाव ही त्याची मालमत्ता आहे. ती रागाच्या भरात अडवून ठेवू नये. आणि नातेवाइकांना काय सांगायचे हा प्रश्न पडला, तर माझ्या माहितीच्या एका विदर्भातल्या आईने जे सांगितले ते सांगावे. जाऊबाईंनी हॉलमध्ये बसून खालच्या आवाजात विचारले, “अगं, तुझ्या त्या मुलाचे काय ऐकते मी?” त्या माउलीने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “मुलगा नाही वहिनी, मुलगीच आहे ती. आत अभ्यास करते आहे. हाक मारू का?” जाऊबाईंनी चहा पिऊन होईपर्यंत दुसरा विषय काढला नाही, पण पुढच्या राखीला दोन्ही घरांतली पोरे एकत्र जेवली.

कायदे पुढेही बदलतील, त्यांच्या कलमांचे आकडे बदलतील, न्यायालये एक पाऊल पुढे जातील, कधी अर्धे मागेही येतील. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन २०२५ साली जाहीर झाला आहे. प्रगणक घराच्या दाराशी येऊन विचारतो तो प्रश्न फार साधा असतो: घरात माणसे किती? त्याचे उत्तर कोणत्याही न्यायमूर्तीला देता येत नाही. ते कुटुंबप्रमुखाने द्यायचे असते, आणि तो सांगेल तेवढीच माणसे वहीत लिहिली जातात.